निर्णय कोणी घेतला? स्वतः.

आमच्या फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता, 'गर्भाशय काढण्याचा निर्णय कोणी घेतला?' आणि त्याच्याखाली चार चौकोन. स्वतः, नवरा, सासरचे, डॉक्टर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या एका वस्तीवर पहिल्या दिवशी मी हा फॉर्म घेऊन बसले तेव्हा बायका एकामागून एक 'स्वतः' म्हणत गेल्या आणि मी टिक करत गेले. संध्याकाळी एसटीत बसून सगळे फॉर्म चाळले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. म्हटलं घरातल्यांनी जबरदस्ती केली असेल असं धरून आपण आलो होतो, पण इथं तर बायका आपलं आपण ठरवतायत.

हे बरं वाटणं चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी एका ताईंकडे परत गेले, या वेळी फॉर्म नव्हता, नुसता रेकॉर्डर आणि वही. वय तिशीच्या थोडं पुढे, तीन लेकरं, पिशवी म्हणजे गर्भाशय काढून पाच-सहा वर्षं झालेली. त्या लसूण सोलत होत्या, मीही चार गड्डे हातात घेतले आणि बोलता बोलता तोच प्रश्न जरा वेगळ्या तोंडानं विचारला, की ताई तो दिवस आठवतोय का, दवाखान्यात जायचं ठरलं तो? त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर शब्दशः उतरवून काढलं, त्यातला थोडा भाग देते.

"म्याच ठरवलं. दुसरं कोण ठरवणार? पांढरं जायचं अंगावरून, कंबर धरायची. फडात वाकून वाकून जीव जायचा. पाळीच्या टायमाला कापड बदलायला जागा न्हाई, पाणी न्हाई, उसात जाऊन बसायचं. येक दिस कोपीत पडून ऱ्हायले तर खाडा. पाचशे रुपये. नवऱ्याचा कोयता बी थांबतो ना मग. डॉक्टर म्हणले पिशवीला सूज हाय, ठिवली तर कॅन्सर व्हईल. म्हणलं काढून टाका. लेकरं झाली, ऑपरेशन झालं, आता काय करायचंय तिचं."

आता सांगा, फॉर्मवर मी काय टिक करायला हवं होतं? ताई खोटं बोलल्या नव्हत्या, निर्णय त्यांचाच होता. पण त्या निर्णयात मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, खाडा होता (काम चुकलेल्या दिवसाचा दंड), फडावर नसलेला संडास होता, डॉक्टरनं दाखवलेली कॅन्सरची भीती होती, उचल फेडायची होती. माझ्या चौकोनात यातलं एकही मावत नव्हतं. मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा, आणि त्या दिवसापासून मला गुणात्मक संशोधन, म्हणजे मोजण्यापेक्षा माणसांचं बोलणं ऐकून समजून घेणारं संशोधन, म्हणजे काय ते खऱ्या अर्थानं कळायला लागलं असं म्हणेन, वर्गात दोन सेमिस्टर शिकून जे कळलं नव्हतं ते.

ज्यांना ऊसतोडीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीड, जालना, परभणी, नगरचा काही भाग इथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे हिशेबात ती दोन माणसं नसतात, एकच कोयता असतो. मुकादम आधीच उचल देतो, एकरकमी पैसे, आणि ते मग हंगामभर तोडून फेडायचे. एक दिवस काम चुकलं की खाडा. पहाटे चारला उठून भाकरी टाकायच्या, मग फडात तोडणी, वाढे काढून मोळ्या बांधायच्या, आणि डोकी सेंटरला असाल तर त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, ट्रक रात्री आला तर रात्री. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. यात पाळी, बाळंतपण, ताप, कशालाच सुट्टी नावाची गोष्ट नाही.

२०१९ मध्ये हा पिशवीचा विषय बाहेर आला. बातम्या आल्या, विधान परिषदेत चर्चा झाली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवताना जपून ठेवायला हवेत, पण फरक इतका आहे की वयोगटाचं कारण सांगून तो पुसता येणार नाही.

हे मुद्दाम सांगतेय कारण 'मुलाखती विरुद्ध आकडे' असं भांडण लावणारी माणसं मला अजिबात पटत नाहीत. हा आकडा नसता तर विधान परिषदेत कुणी मान वर करून बघितलं नसतं. एखाद-दुसऱ्या बाईची कहाणी 'अपवाद' म्हणून बाजूला टाकता येते, १३,८६१ टाकता येत नाहीत.

पण आकडा आल्यावर काय केलं गेलं ते बघा. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी सिव्हिल सर्जनची परवानगी सक्तीची झाली. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानंही एका जनहित याचिकेवर, ती मुख्यतः बिहार, छत्तीसगड, राजस्थानमधल्या प्रकारांवरची होती, सगळ्या राज्यांना पिशवी काढण्याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण दोन्हीचा रोख डॉक्टरवर आहे, ऑपरेशन थिएटरच्या दारावर. त्या लसूण सोलणाऱ्या ताईंचं बोलणं परत वाचा. डॉक्टर त्यांच्या गोष्टीत येतो तो कुठे? शेवटून तिसऱ्या-चौथ्या वाक्यात. त्याच्या आधी पांढरं जाणं आहे, कंबर आहे, कापड आहे, पाणी आहे, खाडा आहे, नवऱ्याचा कोयता आहे. परवानगीच्या कागदानं ऑपरेशन थांबेल, आणि थांबायलाच हवं, पण ती बाई उद्या पहाटे चारला त्याच कंबरदुखीसकट त्याच फडात जाणार आणि तिथं कापड बदलायला जागा नसणारच. कितींची पिशवी काढली हे मोजणीनं कळलं, पण इलाज नेमका कुठं लागायला हवा हे ऐकूनच कळतं, असं मला वाटतं आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आरोग्यातली समता म्हणजे काय यावर मार्गारेट व्हाइटहेड या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक साधी मांडणी केली होती, ती मला अजून सगळ्यात जवळची वाटते. माणसा-माणसांच्या आरोग्यातले असे फरक जे गरजेचे नाहीत, टाळता येण्यासारखे आहेत, आणि वर अन्याय्य आहेत, ते विषमता. आता फरक मोजता येतो. टाळता येण्यासारखा आहे का हेही बरंचसं काढता येतं. पण अन्याय्य आहे का, हे ज्याच्या अंगावर तो फरक पडलाय त्याचं आयुष्य आतून बघितल्याशिवाय कसं कळणार? पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं याला बहुतेक वेळा आधी तपासणी आणि गोळ्या-औषधं असतात, पिशवी काढणं ही फार पुढची पायरी. शहरातल्या माझ्या मावशीला हाच त्रास होता, तिला सोनोग्राफी झाली, औषधं झाली, सहा महिने फॉलोअप झाला, पिशवी आजही जागेवर आहे. इथल्या ताईंना सहा महिने फॉलोअपला यायला कोण देणार, सहा महिने तर त्या फडात असतात.

बरं, ऐकायचं म्हणजे नुसतं समोर जाऊन बसायचं असं नाहीये, आणि इथं मी बरंच चुकत चुकत शिकले.

पहिली चूक शब्दांची. फॉर्मवर सुरुवातीला एक प्रश्न होता, 'आतापर्यंत कुठलं ऑपरेशन झालं आहे का?' जवळपास सगळ्या हो म्हणायच्या आणि मी चक्रावून गेले. मग गावातल्या एका आशाताईंनी (आरोग्य कार्यकर्तीनं) मला बाजूला घेऊन सांगितलं, की अहो मॅडम, इथं ऑपरेशन म्हणजे कुटुंब नियोजनाचं, दुसऱ्याला 'पिशवी काढली' म्हणायचं. तसंच 'काही त्रास आहे का?' याला उत्तर कायम 'न्हाई'. आणि त्याच बाईला विचारलं अंगावरून जातं का, तर "ते तर जातंयच की, बाईच्या जातीला असायचंच." म्हणजे त्रास हा शब्द त्यांनी ठेवलाय तो काम बंद पडेल अशा गोष्टीसाठी. काम चालू आहे तोवर त्रास नाही.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली होती, ते १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे दोन आकडे मी एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी वाचले तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले होते. बीडच्या त्या वस्तीवर "असायचंच" हा शब्द ऐकला तेव्हा त्या दोन आकड्यांच्या मधली जागा कशानं भरलेली असते ते दिसलं. कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं तेव्हा तिच्या भाषेत नाही विचारलं.

आणि दुसरं म्हणजे कुठं विचारायचं. हंगामात कोपीवर जाऊन बोललं की बायका घाईत असतात आणि मुकादमाचा माणूस दहा पावलांवर उभा असतो, तिथं सगळं 'चांगलंय' असतं. पावसाळ्यात गावी गेलं तर सासू बसलेली असते. खरी बोलणी मला मिळाली ती हापशावर, नाहीतर निवडण-टिपण करताना, हात कामात असताना. हात चालू असले की डोळ्यांत बघावं लागत नाही आणि तोंड मोकळं होतं, असं मला तरी जाणवलं. आपल्याकडे जात्यावर बसून बायका किती काय काय बोलून गेल्यात, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्यात सासर आहे, माहेर आहे, दुखणी आहेत, उपास आहेत, जात आहे. माझ्या दृष्टीनं मराठीतला हा केवढा मोठा ठेवा आहे संशोधनाच्या अंगानं, आणि आम्हाला एकाही लेक्चरला कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. असो.

एका दुपारी सात-आठ बायका देवळाच्या ओट्यावर जमल्या, तेव्हा मी खडू दिले आणि म्हटलं फरशीवर वर्ष काढूया. बारा घरं पाडली, दसरा, दिवाळी, संक्रांत, पाडवा असे सण मांडले कारण इंग्रजी महिन्यांनी कुणी मोजत नव्हतं, आणि ज्वारीचे दाणे दिले. काम जास्त तिथं जास्त दाणे, पैसे हातात तिथं दाणे, दुखणं तिथं दाणे. पंधरा मिनिटांत ओट्यावर अख्खं वर्ष पसरलं. मग मी म्हटलं, ज्यांची पिशवी काढलीय त्यांनी ते कधी झालं तिथं एकेक दाणा ठेवा. त्यातल्या चौघींनी दाणे ठेवले आणि ते सगळे दसऱ्याच्या अलीकडच्या दोन घरांत पडले. ओट्यावर जरा शांतता झाली. मग एक आजी म्हणाल्या, "उचल हातात येती ना तवा. आन जायच्या आदी अंग भरून यावं लागतंय." म्हणजे औषधाला पैसे कधी असतात तर उचल मिळाल्यावर, आणि शरीर कधी दुरुस्त करायचं तर कोयता धरायच्या आधी, बैलाला जशी नाल मारून घ्यायची निघण्याच्या आधी. चार दाण्यांवरून मी जिल्ह्याबद्दल काहीच सिद्ध करत नाहीये, पण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत मी 'कधी' आणि 'पैसे कुठून आले' हे विचारायला लागले, जे माझ्या मूळ यादीत नव्हतंच.

त्याच दिवशी शरीराचं चित्रही काढलं, एका मुलीला फरशीवर झोपवून भोवती खडू फिरवला आणि म्हटलं पिशवी कुठं असते दाखवा. एका ताईंनी ती बेंबीच्या वर काढली, पोटाला लागून. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काढल्यावर तिथं पोकळी राहते, म्हणून जेवण केल्यावर गच्च वाटत नाही आणि म्हणून अंगात ताकद नाही. डॉक्टरनं काढण्याआधी काय सांगितलं, विचारलं तर, "काय न्हाई, सही घेतली." अंडाशयं ठेवली की तीही काढली हे त्यांना माहीतच नव्हतं. अंडाशयं गेली की संप्रेरकं एकदम आटतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि ती ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. हे तिशीच्या बाईला, जी डोक्यावर मोळी घेऊन फळी चढते. "हाडं ठणकत्यात" हे वाक्य माझ्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये इतक्या वेळा आहे.

ट्रान्स्क्रिप्टबद्दल थोडं सांगते कारण लोकांना वाटतं मुलाखत झाली की काम संपलं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला पाच-सहा तास लागायचे. त्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे, 'म्या'चं 'मी' करायचं नाही, गप्प बसल्या तर तेही लिहायचं. मग ते कागद परत परत वाचायचे आणि स्केचपेननं रंग लावायचे, आजारपण हिरवं, पैसे लाल, नातेवाईक निळं. यालाच पुस्तकात कोडिंग म्हणतात. तर झालं काय, मी आजारपणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत हिरव्यापेक्षा लालच जास्त दिसायला लागलं. 'ताप आला तेव्हा काय केलं?' उत्तरात खाडा. 'बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामाला गेलात?' खाडा. मी खाड्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये हा शब्द नव्हताच, आणि तोच सगळ्यांच्या तोंडात होता. माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद ही आहे, की तुम्ही विचारायला विसरलात ती गोष्ट समोरचा माणूस तुमच्यापुढं आणून ठेवू शकतो.

आता माझ्याबद्दल, कारण हे लपवून लिहिलं तर अर्धवट होईल. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. आमचा ऊस आहे. लहानपणी दरवर्षी आमच्या फडात टोळी यायची, विहिरीच्या कडेला कोप्या पडायच्या, त्यांची लेकरं पाचटात खेळायची आणि आजी मला त्यांच्यात जाऊ द्यायची नाही. विहिरीवर त्यांना पाणी भरू दिलं जायचं, आम्ही त्यात स्वतःला चांगले समजायचो. शेतातल्या घराला बाथरूम होतं, दाराला कडी असलेलं. हंगामभर तिथं चाळीस-पन्नास माणसं, निम्म्या बायका, आणि त्यातल्या कुणीही ते कधी वापरलं नाही. कुणी मागितलं नाही असं घरचे आजही म्हणतात.

एका मुलाखतीत ताईंनी मलाच विचारलं, तुमचं गाव कुठलं? मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचाच ऊस तोडला आसंल की आमी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओळख निघाल्याचा आनंदच होता, त्यांनी आमच्या शेजारच्या दोन गावांची नावंसुद्धा घेतली. मला मात्र पुढचा प्रश्न सुचेना. प्रश्न होता शौचालयाच्या सोयीबद्दलचा. रेकॉर्डिंगमध्ये तिथं अकरा सेकंद कुणीच बोलत नाही, नंतर मी भलताच प्रश्न विचारलेला ऐकू येतो. ते अकरा सेकंद मी माझ्या रिपोर्टमध्ये लिहिले. आमच्या पद्धतीत हे लिहिणं अपेक्षितच असतं, की संशोधक कोण आहे, कुठल्या जातीची, कुठल्या घरची, समोरचा माणूस तिला कुठल्या नजरेनं बघतो, कारण त्यावर काय बोललं जाईल ते ठरतं. ही औपचारिकता म्हणून दोन ओळीत उरकायची गोष्ट नाही हे मला त्या दिवशी कळलं.

संमतीचंही तसंच. आमच्याकडे छापील संमतीपत्र होतं, खाली सही किंवा अंगठा. ज्या बायकांनी दवाखान्यात न वाचता अंगठा दिला आणि पिशवी गमावली, त्यांच्यापुढं मी दुसरा कागद धरून अंगठा मागत होते. दोघी-तिघी अंगठा द्यायला चटकन तयार झाल्या, आणि त्यांनी घासाघीस केली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. मग मी कागद आधी पुढं करणं सोडून दिलं. आधी तोंडी सगळं सांगायचं, मग त्यांनाच विचारायचं की मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा, आणि पटलं तर दुसऱ्या दिवशी अंगठा. वेळ जातो. जाऊ दे. आणि एक, रेकॉर्डर बंद केल्यावर माणसं बोलतात, हमखास, चप्पल घालता घालता. एका ताईंनी असंच काहीतरी सांगितलं आणि लगेच म्हणाल्या हे लिहू नका. मला त्यातून बऱ्याच गोष्टी उलगडल्या असत्या. मी ते कुठंच लिहिलेलं नाही, इथंही लिहिणार नाही.

सगळ्याच बायका पस्तावल्या असंही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका मावशींना खरंच गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं, आणि त्या म्हणाल्या पिशवी काढली तवापासून मी माणसात आले. माझ्या गोष्टीत हे बसत नव्हतं म्हणून हात आखडला होता लिहिताना, मग गाइड मॅडमनी सांगितलं की जे बसत नाही ते सगळ्यात आधी लिही. मावशींचं वाचून मला उलट बाकीच्यांचं जास्त स्पष्ट दिसलं. त्यांना तपासून, रिपोर्ट दाखवून, समजावून सांगितलं गेलं होतं आणि नंतर दोन महिने त्यांची सून कोयत्याला गेली, त्या घरी राहिल्या. ऑपरेशन तेच होतं. आजूबाजूचं सगळं वेगळं होतं.

हे सगळं एका बैठकीत मांडायची संधी मिळाली, कुठली ते राहू दे. पाच मिनिटं झाली असतील, एका साहेबांनी विचारलं, सॅम्पल किती? मी सांगितलं बावीस. ते म्हणाले, बावीस बायकांवरून काय होतं? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आज देते. बावीस बायकांवरून टक्केवारी निघत नाही आणि मी काढलेलीही नाही. सतराव्या-अठराव्या मुलाखतीपासून नवीन कारण निघायचं थांबलं, तीच तीच साखळी परत यायला लागली, गुणात्मक कामात कधी थांबायचं ते यावरून ठरवतात आणि ग्लेझर आणि स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच हे मांडून ठेवलंय. तुमच्या ८२,३०९ च्या पाहणीत पुढच्या वेळी 'वर्षात किती खाडे पडले आणि कशामुळे' हा एक प्रश्न घालायचा की नाही, ते या बावीस जणींनी सांगितलंय. घातलात तर मोजा, मलाही तो आकडा हवाच आहे.

शेवटचा भाग होता जे लिहिलं ते बायकांना परत वाचून दाखवायचा. बरेच जण हे टाळतात, टोळ्या निघून जातात, वेळ नसतो. मी दसऱ्याच्या आधी घाईघाईनं गेले. लसूणवाल्या ताईंच्या ओसरीत बसून त्यांच्या सातवीतल्या मुलीनंच मोठ्यानं वाचलं, नावं बदललेली होती पण त्यांना आपलं बोलणं लगेच ओळखू आलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. एका प्रकरणाचं नाव मी ठेवलं होतं 'स्वतःचा निर्णय?', पुढं प्रश्नचिन्ह टाकून, मला ते फार सूचक वाटलं होतं. मुलीनं ते वाचलं आणि ताईंनी तिला थांबवलं.

"निर्णय नगा लिवू ताई. निर्णय मोठ्या लोकाचा आस्तो. म्या भागवलं."

मी प्रकरणाचं नाव 'भागवलं' केलं.

आता पुढच्या महिन्यात मुकादमांशी आणि कारखान्यांच्या चिटबॉयशी (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसांशी) बोलायला सुरुवात करतेय, कारण खाडा लावणारा माणूस त्याच्या बाजूनं काय सांगतो ते मला अजून माहीत नाही, आणि तोही बऱ्याचदा त्याच गावचा, कधीतरी कोयता धरलेला माणूस असतो. कर्नाटकातल्या सीमाभागातल्या दोन-तीन फडांवरही जायचंय. तिथं कारखान्याच्या माणसांशी बोलायला कन्नड येणारी कुणी मैत्रीण असेल, आणि पहाटे चारला उठायची तयारी असेल, तर खाली कळवा.